फाइलवरचं वय

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर मध्यंतरी एक वाद चांगलाच पेटला. एका सभासदाच्या थोरल्या भावाला, वय ७८, जठराचा कॅन्सर निघाला होता. निघाला तेव्हाच यकृतात पोचलेला. केमो द्यायची की नाही? एका बाकावरून निकाल आला, 'या वयात कशाला त्या जिवाचे हाल? जेवढे दिवस आहेत तेवढे सुखाने जाऊ देत.' समोरच्या बाकावरून लगेच उत्तर, 'वय हा नुसता आकडा असतो. आता सत्तरीपुढच्यांना सरकारी कार्डसुद्धा मिळतं. डॉक्टर देतायत ना? मग पूर्ण कोर्स घ्या, अर्धवट काही करू नका.' तासभर हे चाललं. अमक्याचे काका केमोने आठवड्यात गेले, तमक्याची आजी केमो घेऊन पंढरपूरला जाऊन आली, असे दाखले दोन्हीकडून पडत राहिले. ज्याचा भाऊ, तो चहाचा कप हातात धरून गप्प बसला होता. निघताना मी त्याला विचारलं, भाऊ स्वतः काय म्हणतो? तो म्हणाला, 'त्याला अल्सर आहे म्हणून सांगितलंय.'

हा वाद मी गेल्या काही वर्षांत लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला, दवाखान्याच्या पायरीवर असा अनेक ठिकाणी ऐकला आणि दर वेळी तो तसाच फसतो. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पसरलेल्या जठराच्या कॅन्सरमध्ये वय बघून औषध नाकारणं चूक आहे. आणि वयाकडे काणाडोळा करून पंचावन्न वर्षांच्या माणसाचा डोस अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या शिरेत सोडणं हीदेखील चूकच आहे, आणि ती पहिलीची सख्खी बहीण आहे. दोघींना माणूस दिसत नाही. 'द्यायची की नाही' या प्रश्नावर आपण भांडतो; विचारायला हवं ते असं, की किती द्यायची, काय मोजून द्यायची आणि कुणाच्या इच्छेने.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण आपल्याकडे याची माहिती कमी आहे. महाराष्ट्रात तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर घरोघरी ठाऊक असतो. जठराचा त्या मानाने कमी. देशात त्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते मिझोराममध्ये. पण जगात २०२२ साली सुमारे ९ लाख ७० हजार लोकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने गेले. पित्त, अ‍ॅसिडिटी, गॅस म्हणून महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या जातात आणि दुर्बीण आत जाते तेव्हा उशीर झालेला असतो. एकदा तो यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला की सहसा बरा होत नाही. औषधाने मिळतात ते महिने. नव्वदच्या दशकातल्या छोट्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर केमोने सरासरी सहा-एक महिने वाढतात, असा हिशेब निघतो. सहा महिने म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणाला त्यात नातीचं लग्न दिसतं, कुणाला सहा महिन्यांच्या सलाइनच्या बाटल्या.

पण हा हिशेब मांडला कुणावर? इथे खरी मेख आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या कॅन्सर-गटाच्या चाचण्यांत कोण कोण घेतलं गेलं, याची मोजदाद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशातल्या कॅन्सर रुग्णांपैकी ६३ टक्के पासष्ट किंवा त्याहून अधिक वयाचे. चाचण्यांत मात्र असे रुग्ण फक्त २५ टक्के. म्हणजे आजार म्हाताऱ्यांचा आणि माप घेतलं तरुणांचं. जठराच्या कॅन्सरमध्ये एकेकाळी गाजलेली तीन औषधांची केमो घ्या. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले, दोन औषधांऐवजी तीन दिली तर मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण जिथपर्यंत जगले तो आकडा) ८.६ महिन्यांवरून ९.२ महिन्यांवर गेलं. त्या चाचणीतल्या रुग्णांचं मध्यम वय होतं ५५. आणि या अठरा-वीस दिवसांच्या बदल्यात तिसरं औषध मिळालेल्यांपैकी ८२ टक्के लोकांच्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली गेल्या. पंचावन्नच्या माणसाला जे एवढं जड गेलं, ते अठ्ठ्याहत्तरच्या माणसाला देताना कशाच्या जोरावर द्यायचं? आणि नाकारायचं तरी कशाच्या जोरावर? पुरावा दोन्ही बाजूंना नव्हता. शिंप्याने एकाचं माप घेऊन सदरा दुसऱ्याला शिवला. मग एक म्हणतो बसतोय बसतोय, दुसरा म्हणतो याला सदरा नकोच, उघडाच राहू दे.

याच कोंडीत ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला आणि त्याची रीतसर चाचणी केली. तिचं नाव जीओ-टू. २०१४ ते २०१७ या काळात ६१ केंद्रांमधून ५१४ रुग्ण तिच्यात घेतले. सगळे जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या पसरलेल्या कॅन्सरचे. मध्यम वय ७६. प्रवेशासाठी अट वयाची नव्हती, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तीन औषधांची पूर्ण केमो या माणसाला झेपणार नाही, पण कमी ताकदीची झेपेल, असं डॉक्टरला वाटलं की झालं. त्यामुळे त्यात पन्नाशीतलेही होते आणि नव्वदी ओलांडलेलेही. सगळ्यांना औषधं दोनच: ऑक्सॅलिप्लॅटिन सलाइनमधून दर तीन आठवड्यांनी, आणि कॅपेसिटाबिन गोळ्या रोज दोन वेळा. फरक एवढाच, की चिठ्ठी टाकून एका गटाला पूर्ण डोस, दुसऱ्याला ८० टक्के, तिसऱ्याला ६० टक्के. गोळ्यांच्या भाषेत सांगायचं तर अंगापिंडाने बेताच्या माणसाला पूर्ण डोसमध्ये एका वेळी साधारण साडेनऊशे मिलिग्रॅम, आणि तिसऱ्या गटात साडेपाचशे. दुकानातल्या पाचशेच्या गोळ्यांत मोजलं तर दोन आणि एक, असा हा मामला.

निकाल काय लागला? मध्यम आयुष्य पूर्ण डोसवाल्यांचं ७.५ महिने, ८० टक्केवाल्यांचं ६.७ आणि ६० टक्केवाल्यांचं ७.६. म्हणजे डोस वाढवून आयुष्य वाढलं नाही. रक्तपेशींच्या तक्रारी बाजूला ठेवून बाकीचे गंभीर दुष्परिणाम पाहिले, तर पूर्ण आणि ८० टक्क्यांच्या गटात ते ५६ टक्के लोकांना झाले, ६० टक्क्यांच्या गटात ३७ टक्क्यांना. या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली. उपचाराचा एकंदर उपयोग झाला का, हे मोजताना गाठ किती आकसली एवढंच न पाहता, त्रास किती झाला, जगणं कसं होतं आणि रुग्णाला स्वतःला ते सारं घेण्याजोगं वाटलं का, हेही हिशेबात धरलं. त्यातही सर्वांत कमी डोसचा गट सरस ठरला. कमी अशक्त असलेल्यांना तरी जास्त डोस लाभला असेल, असं वाटून तेही तपासलं गेलं. पूर्ण डोसने ज्याचं नक्की भलं झालं असा एकही उपगट हाती लागला नाही.

आता यावर जे आक्षेप घेतले जातात ते हलके नाहीत. पहिला म्हणजे, ही चाचणी अशक्तांवर झाली. रोज सकाळी टेकडी चढून येणाऱ्या, स्वतःची दुचाकी चालवणाऱ्या बहात्तर वर्षांच्या माणसाला तिचा दाखला देऊन साठ टक्क्यांवर बसवलं, तर तोही वयाचाच पक्षपात झाला. हे मला पूर्ण मान्य आहे. दुसरा आक्षेप म्हणजे औषधं आता पुढे गेली आहेत. गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असेल तर ट्रॅस्टुझुमॅब; २०१० मध्ये त्याने आयुष्य ११.१ वरून १३.८ महिन्यांवर नेल्याचं दिसलं. २०२१ मध्ये निव्होलुमॅब आलं, ते केमोच्या जोडीने दिल्यावर, ज्यांच्या गाठीत विशिष्ट खूण जास्त आहे त्यांचं आयुष्य ११.१ वरून १४.४ महिन्यांवर गेलं. मग झोल्बेटुक्सिमॅब. ही औषधं पेशीवरची खूण बघून चालतात, जन्मतारीख बघून चालत नाहीत. तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या माणसाच्या गाठीची ही तपासणीच न करणं, 'आता काय करायचंय तपासून' म्हणणं, हा मला सर्वांत वाईट प्रकार वाटतो. कारण त्यात नकार दिल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र या नव्या चाचण्यांतही माणसं निवडून घेतलेली होती. निव्होलुमॅबच्या चाचणीत प्रवेश होता तो चालत्याफिरत्या, जवळपास ठणठणीत रुग्णांना. खाटेला टेकलेल्या माणसाला ते आकडे ऐकवणं म्हणजे शेजारच्याच्या मुलाचे मार्क आपल्या मुलाला सांगण्यासारखं आहे.

तरीही 'कमी डोस म्हणजे कमी प्रतीचे उपचार' ही भावना जात नाही. ती जुनी आहे आणि तिची मुळं खोल आहेत. कॅन्सरच्या इतिहासात 'जितकं जास्त तितकं बरं' या समजुतीने किती जणांना सोलून काढलं याला गणती नाही. अमेरिकेतल्या हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी छातीच्या स्नायूंसकट सगळं काढण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि पुढे पाऊणशे वर्षं तीच शहाण्या सर्जनची खूण मानली गेली. कमी कापणारा तो भित्रा. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांनी तुलना करणारी चाचणी सुरू केली तेव्हा समव्यवसायिकांनी त्यांच्यावर झोड उठवली. आणि निघालं काय, तर एवढं कापून आयुष्य वाढत नव्हतंच. केमोचंही तसंच. माणसाला जेवढं सोसेल तेवढं जास्तीत जास्त द्यायचं, हा नियम रक्ताच्या कॅन्सरसाठी लढताना आला, जिथे बरं करणं हे ध्येय होतं. जिथे बरं होणारच नाही तिथे तो नियम कुणी न विचारता तसाच उचलून आणला. घर वाचवायला भिंत पाडावी लागली तर पाडा. पण घर पडणारच आहे आणि आपल्याला त्यात अजून एक दिवाळी काढायची आहे, तर भिंत पाडून काय मिळवणार?

आपल्या मुंबईतलाच दाखला देतो, आजार वेगळा आहे हे आधीच कबूल करून. डोक्या-मानेच्या बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरमध्ये शिरेतून सिस्प्लॅटिन देण्याची पद्धत होती. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांवर तिची तुलना केली ती मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या अगदी स्वस्त गोळ्यांच्या छोट्या छोट्या डोसशी. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणारे ७.५ महिने जगले, सलाइनवाले ६.१ महिने, आणि गोळ्यांवाल्यांना त्रासही कमी. गरिबांसाठी तडजोड म्हणून ज्याच्याकडे नाक मुरडलं जाई ते चाचणीत पुढे निघालं. मी असं म्हणत नाही की जठरातही हेच होईल. एवढंच म्हणतो, की डोस किती हा प्रश्न चाचणीने सोडवायचा असतो, प्रतिष्ठेने नाही. नातेवाइकांना मात्र प्रतिष्ठाच जवळची वाटते. 'आम्ही काही कमी पडू दिलं नाही' हे दहाव्याला सांगता यावं म्हणून किती म्हाताऱ्यांना पूर्ण डोस मिळतो? हा प्रश्न बोचरा आहे, पण विचारला पाहिजे.

आता दुसऱ्या बाकाकडे वळू. 'पिकलं पान आहे, गळायचंच' असं म्हणणाऱ्यांना निर्दयी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. तसं ते नसतात. त्यांच्या म्हणण्यामागे एक सभ्य युक्तिवाद आहे, आणि तो यॉर्कचे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन विल्यम्स यांनी १९९७ मध्ये क्रिकेटच्या भाषेत नीट मांडला होता: प्रत्येकाला एक बऱ्यापैकी लांबीची इनिंग मिळावी, ज्याची ती खेळून झाली, त्याच्यापेक्षा ज्याची व्हायची आहे त्याचा समाजाच्या पैशावर जास्त हक्क. वॉर्डात एकच खाट रिकामी आहे, एकीकडे पस्तिशीची दोन लेकरांची आई आणि दुसरीकडे अठ्ठ्याहत्तरचे आजोबा, तर खाट कुणाला द्याल? माझंही उत्तर तेच आहे जे तुमचं. खोटं कशाला बोलू.

पण या प्रश्नात खाट एकच आहे, हे कुणी ठरवलं? १९६२ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये डायलिसिसची यंत्रं मोजकी होती. कुणाला द्यायची हे ठरवायला शहरातली सात माणसं बसवली: वकील, पाद्री, गृहिणी, बँकर, कामगार पुढारी असे. त्यांच्यासमोर येण्याआधी डॉक्टरांची चाळणी असे, आणि तिच्यात पंचेचाळिशीपुढचा माणूस बाद. वैद्यकीय कारणाने, असं सांगितलं जाई. १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने खर्च उचलला, यंत्रं वाढली, आणि ते 'वैद्यकीय कारण' हळूहळू विरून गेलं. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी डायलिसिसच्या खुर्च्यांवर कोण बसलेलं दिसतं? साठी-सत्तरीतलीच माणसं की. पंचेचाळीस हे मूत्रपिंडाचं सत्य कधीच नव्हतं, तो यंत्रांचा तुटवडा होता आणि डॉक्टरी अंगरखा घालून उभा होता. म्हणूनच वयाची रेषा कुणी ओढली की मी आधी विचारतो, कशाचा तुटवडा लपवताय? ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन पेटंटमुक्त आहेत, आपल्याच देशातल्या कंपन्या बनवतात. साठ टक्के डोस दिला तर औषध उलट उरतं. महागडी आहेत ती नवी औषधं, पण ती पस्तिशीच्या आईलाही महागच आहेत, आणि तिथे वाटप करायचंच तर गाठीवरच्या खुणेने करा. ज्याला फायदा होण्याची शक्यता नाही त्याला देऊ नका, मग तो तीस वर्षांचा का असेना.

तसं पाहिलं तर वयाचे हे आकडे आले कुठून? बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन आणली तेव्हा वय ठेवलं ७०. १९१६ मध्ये ते ६५ केलं. त्यानंतर ६५ म्हणजे म्हातारपण, हे जगाने पाठच करून टाकलं. आपल्याकडे राज्य सरकारचा कर्मचारी ५८ला निवृत्त होतो, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ला. म्हणून न्यायाधीशाचं यकृत सात वर्षं जास्त टिकतं का? नवा आरोग्य विमा देण्याचं बंधन कंपन्यांवर ६५ वर्षांपर्यंतच होतं, ती वयाची रेषा विमा नियामकाने २०२४ मध्ये उठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं. ही रेषा देण्यासाठी ओढली म्हणून मला गोड वाटते, हे कबूल. पण रेषा ती रेषाच. कार्डाने दवाखान्याचं दार उघडतं. आत गेल्यावर माणसाचं काय मोजायचं, हे कार्ड सांगत नाही.

आणि मोजावं लागतं, कारण शरीर खरोखर म्हातारं होतं. 'वय हा नुसता आकडा' म्हणणाऱ्यांनी माझ्या मामांचा एक रिपोर्ट बघायला हवा होता. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ७६, आजाराने वजन उतरून ४५ किलोवर आलेलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळायचा रक्तातला कचरा, १.१. लॅबच्या कागदावर शेजारीच नॉर्मलची पट्टी छापलेली होती आणि १.१ तिच्यात बसत होता; कुणी त्याच्याभोवती गोल केला नव्हता. पण मूत्रपिंड किती गाळतं याचा जुना ठोकताळा आहे: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. मामांचं उत्तर येतं ३६. तोच १.१ छत्तीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या माणसाचा असेल तर उत्तर येतं ९२. कागदावर दोघंही नॉर्मल. कॅपेसिटाबिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट आहे, की हा आकडा ३० ते ५० मध्ये असेल तर नेहमीच्या डोसमधून पाव भाग कमी करा, ३०च्या खाली असेल तर देऊच नका. मामांना पूर्ण डोस सुरू झाला. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर दिवसाला बारा-बारा जुलाब, तोंड आलेलं, पाच दिवस ॲडमिट. त्यांचं वय त्या दवाखान्याने पाहिलं नाही असं नाही, फाइलवर ठळक लिहिलेलं होतं. वयाने मूत्रपिंडाचं काय केलं, ते पाहिलं नाही. वय म्हणजे निकाल नव्हे. कुठे शोधायचं हे दाखवणारी ती पाटी आहे.

दुष्परिणाम म्हटलं की आपल्यासमोर केस गळणं आणि उलट्या येतात. म्हाताऱ्या माणसाला नडतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात, आणि त्या कुठल्याही तक्त्यात नीट बसत नाहीत. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार पाण्याला हात लावला की विजेचा चटका बसावा तसं होतं. माठातलं पाणी पिताना घसा आवळल्यासारखा वाटतो. पुढे बोटांची संवेदना जाते आणि शर्टाची बटणं लागत नाहीत. ज्या माणसाने पन्नास वर्षं स्वतःचं धोतर स्वतः नेसलं त्याला बटणासाठी सुनेला हाक मारावी लागते. कॅपेसिटाबिनने तळहात लाल होऊन सोलवटतात आणि काहींच्या बोटांवरचे ठसे पुसट होतात. नोव्हेंबरात मामा हयातीच्या दाखल्यासाठी गेले, तेव्हा अंगठा उमटेना. पुसून, ओला करून, दुसरं बोट लावून चार वेळा झालं. यंत्राच्या लेखी मामा हयात नव्हते. तिथल्या मुलाने शेवटी डोळ्यांवरून काम भागवलं. बाहेर येऊन मामा हसत म्हणाले, 'औषध जगायसाठी घेतोय, आणि हे म्हणतं तुम्ही नाहीच.'

मग मोजायचं काय? याचीही उत्तरं आहेत, आणि ती महाग नाहीत. अमेरिकेत आरती हुरिया नावाच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये पाचशे वयस्क रुग्णांच्या अभ्यासातून एक गुणपत्रक तयार केलं. केमोने गंभीर त्रास होण्याची शक्यता किती, हे ते आधी सांगतं. त्यात वय, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड, केमोची औषधं किती हे आहेच. पण त्याबरोबर असे प्रश्न आहेत: नीट ऐकू येतं का? गेल्या सहा महिन्यांत पडलात का? कोपऱ्यापर्यंत चालता येतं का? गोळ्या स्वतःच्या हाताने घेता का? चार माणसांत जाणं कमी झालंय का? यात गाठीचा फोटो नाही, जनुकाची तपासणी नाही. आपल्या आजीला कुणी शेजारीण विचारेल असे हे प्रश्न. २०२१ मध्ये अशा पाहणीची अमेरिकेतच ७१८ रुग्णांवर चाचणी झाली, सगळे सत्तरीपुढचे. ज्यांच्या डॉक्टरांच्या हाती पाहणीचा अहवाल आणि सूचना होत्या, त्या रुग्णांत गंभीर त्रास ५१ टक्क्यांना झाला. ज्यांच्या डॉक्टरांना तो मिळाला नाही, त्यांच्यात ७१ टक्क्यांना. आणि म्हणून कुणी लवकर मेलं असं झालं नाही. टाटा मेमोरियलमध्येही वयस्क रुग्णांसाठी असा वेगळा दवाखाना २०१८ पासून चालतो.

इथे ओपीडीतला डॉक्टर म्हणेल, साहेब, सकाळपासून शंभर पेशंट बघतोय, कुणाकुणाला पडलात का विचारत बसू? त्याची तक्रार खरी आहे. आपल्या सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला येणारा वेळ मी घड्याळ लावून पाहिला आहे, तो लिहायची लाज वाटते. पण हे प्रश्न डॉक्टरनेच विचारायला हवेत असं कुठे आहे? नंबर लागेपर्यंत रुग्ण दोन-तीन तास बाकावर बसलेला असतो. त्या वेळात मराठीत छापलेला एक कागद आणि तो भरून घेणारी एक सिस्टर किंवा समाजसेविका, एवढं पुरतं. आणि पाच दिवस ॲडमिट झालेल्या म्हाताऱ्यावर जातो तो वेळ कुणाचा जातो?

राहिला तो 'अल्सर'. घरच्यांचं म्हणणं असतं, सांगितलं तर खचतील. काही खचतातही. जन्मभर ज्याने कुणाला हूं का चूं करू दिलं नाही, त्याचा हात थरथरताना बघणं सोपं नाही. त्यांच्या भीतीला मी हसत नाही. पण साठ टक्के की शंभर, केमो की नुसती वेदनाशामकं, या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्यावर अवलंबून आहेत त्या गोष्टी फक्त त्यालाच ठाऊक आहेत: त्याला किती सोसवतं, आणि कशासाठी सोसायचं आहे. कुणी म्हणेल, शेताच्या वाटण्या होईपर्यंत मला टिकवा, मग काही करा. कुणी म्हणेल, घरी न्या. दोन्ही उत्तरं शहाणी आहेत. त्याला न विचारता मुलाने निवडलेला डोस, मग तो पूर्ण असो की शून्य, मुलाच्या मनाच्या मापाचा असतो. आणि केमो नको म्हणणं म्हणजे वाऱ्यावर सोडणंही नव्हे. दुखणं आवरणारे, भूक सांभाळणारे उपचार केमो घेणाऱ्यालाही लागतात आणि न घेणाऱ्यालाही, पहिल्या दिवसापासून.

मामांचा डोस पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी निम्म्याच्या आसपास आणला. त्यानंतर ते नऊ महिने होते. कमी डोसमुळे होते की त्यांचा आजारच तसा संथ होता, हे कुणी सांगू शकत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे तेच वर्गात शिकवायचे. त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी सीटी स्कॅन बाजूला ठेवला आणि मामांना विचारलं, 'गुरुजी, गेल्या सहा महिन्यांत कुठे पडलाबिडलात का?' मामा ठासून नाही म्हणाले. मामी खाली मान घालून पिशवीचा बंद गुंडाळत होती. ती म्हणाली, 'दोनदा. एकदा न्हाणीघरात, एकदा ओट्याची पायरी उतरताना.' तीन महिने आम्ही त्यांना घेऊन दवाखाने फिरत होतो आणि हे माझ्यासकट कुणालाच ठाऊक नव्हतं. मी फाइल उलटून पाहिली. पहिल्या पानावर वरती उजव्या कोपऱ्यात, लाल पेनाने, गोल करून लिहिलं होतं: ७६.